बॅकला सुरजित

प्रवरेच्या कालव्याच्या कडेने सकाळी फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे, आणि त्या वाटेवर बाभळीची एखादी तोडून टाकलेली फांदी दिसली की तिचा बाक किती आहे हे पाहिल्यावाचून माझे पाऊल पुढे पडत नाही. सरळ फांदीकडे मी ढुंकूनही पाहत नाही. सरळ लाकडाचे संसारात उपयोग पुष्कळ. खुंट्या, मेखा, खोऱ्याचे दांडे, गोठ्याचे वासे सगळे त्यातूनच होतात. परंतु वरपासून नीट येऊन टोकाशी अकस्मात वळलेली अशी फांदी दिसली म्हणजे साठी ओलांडलेल्या माझ्या मनगटात एक जुनी शिरशिरी उठते, आणि ती उचलून, दोन्ही मुठींत तोलून, आसपास कोणी ओळखीचे नाही अशी खातरजमा करून घेऊन, रस्त्यावरचा एखादा खडा तिने टोलवल्यावर मगच मी घराची वाट धरतो.

आमची देवळाली ही तोफखान्याची देवळाली नव्हे, हे परगावच्या माणसाला प्रथम सांगावे लागते. ती नाशकाजवळची. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली. येथे ऊस, भंडारदऱ्याच्या धरणातून सुटणारे पाण्याचे आवर्तन, त्या आवर्तनाच्या तारखेवर खिळलेले बागाईतदारांचे डोळे, पाणीमागणीच्या सात नंबरच्या फॉर्मावरून पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होणारी झकाझकी, आणि या सर्वांवर पहारा ठेवल्याप्रमाणे ठरल्या वेळी वाजणारा राहुरी फॅक्टरीचा भोंगा. गळिताचा हंगाम चालू झाला की मळीचा आंबूस, उग्र दर्प वाऱ्याबरोबर घराघरांत शिरे आणि उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम हलवीत नसे. अशा गावात तालीम असावी, कुस्त्यांचा फड भरावा, कालांतराने क्रिकेटही यावे, हे सगळे समजण्यासारखे आहे. परंतु तेथे हॉकी कशी येऊन पोहोचली, याची हकीकत सर्वस्वी एका इसमाच्या पायगुणाशी निगडित आहे.

हवालदारमामा पलटणीतून पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांच्या नोकरीची अखेरची वर्षे नगरच्या छावणीत गेली होती. रणगाडादळाचे शिक्षण देणारे केंद्र १९४८ पासून नगरास आहे, आणि लष्कराच्या रिवाजाप्रमाणे तेथे संध्याकाळचा खेळ ही मौजेची बाब नसून हजेरीची बाब असे. मामांनी गावी येताना एक काळी ट्रंक, एक कांबळे आणि एक हॉकीची स्टिक आणली. तिच्या दांड्याला मधोमध तडा गेलेला होता आणि त्या तड्यावर सुतळीचे इतके घट्ट, इतके एकसारखे वेढे दिलेले होते की तो दुरुस्तीचा भाग नसून दागिनाच वाटावा. एरवी ती स्टिक आढ्याला टांगलेली असे. कोणी हात लावू म्हणेल तर मामांच्या भुवया वर जात. वर्षातून एकदा मात्र ती खाली येई. खंडेनवमीला गावात कोयते, विळे, नांगराचे फाळ, शिंप्याची कात्री, तलाठ्याची दौत अशी ज्याची त्याची हत्यारे हळदकुंकू लावून पाटावर मांडली जात, तेव्हा मामांच्या घरी पाटावर ती एकटी स्टिक झेंडूचे फूल डोक्यावर घेऊन पडलेली असे. देवाच्या पंक्तीला बसणारी ही वस्तू खेळण्याची आहे, हे आम्हा पोरांना कित्येक दिवस खरेच वाटले नाही.

आमच्या स्टिका बाभळीच्या. त्या तयार करण्याचे एक शास्त्र होते, आणि ते मामांनी आम्हांस मोठ्या गांभीर्याने शिकविले. फांदी श्रावणात तोडायची नाही, तेव्हा तिच्यात पाणी फार, थंडीत तोडायची. साल काढून ती चारीच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. लाकूड मऊ झाले म्हणजे निसर्गाने दिलेला बाक अपुरा असेल तर टोक दोरीने आवळून आणखी वळवायचे, आणि मग उन्हात न ठेवता, पडवीत, सावलीत वाळवायचे. उन्हात वाळविलेली फांदी पहिल्याच टोल्याला चिरफळते. चेंडू चिंध्यांचा, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. मैदान म्हणजे गावाबाहेरचे पडीक. त्यातली ढेकळे फोडून आम्ही ते सपाट केले होते असे आम्ही समजत असू, परंतु चेंडू तसे समजत नसे. कोठे उसळेल, कोठे अडेल, याचा नेम नव्हता. पुढे मला कळले की गवताच्या मैदानावर खेळणाऱ्या हिंदुस्थानी खेळाडूंचे मनगट इतके लवचीक का, याचे कारण जाणकार लोक याच बेभरवशाच्या जमिनीत शोधतात. जागा वाटताना मामांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "तुझे पाय जड आहेत बाळा, तू बॅकला." मला ते फार लागले. पुढे धावणाऱ्यांना गोल मिळतो. बॅकला काय मिळते? मामा म्हणाले, "बॅकला शिव्या मिळतात. चेंडू गेला तर त्याच्या, नाही गेला तर कोणाच्याच नाही."

या मनःस्थितीत मला सुरजितसिंग भेटला. भेटला म्हणजे ऐकू आला.

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूर येथे जागतिक हॉकी स्पर्धा चालू होती, आणि मामांच्या ओट्यावर त्यांचा चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर. बहात्तरच्या दुष्काळातून गाव नुकते कोठे सावरले होते. खडी फोडण्याच्या कामावर जाऊन आलेली माणसे अजून त्या खडीचीच गोष्ट सांगत. अशा वेळी हजारो मैलांवरच्या गवतावर काय चालले आहे याची आस्था वाटण्याचे तसे कारण नव्हते. तरी ओटा भरत असे. समालोचन जसदेवसिंगांचे. त्यांची हिंदी आम्हांला निम्मीशिम्मी कळे. परंतु समालोचन ऐकून ज्याने खेळ जाणला आहे त्याला भाषेची फारशी गरज पडत नाही, त्याला नावांचा क्रम पुरतो. गोविंदा, अशोककुमार, हरचरणसिंग ही नावे एकामागून एक येऊ लागली की समजावे, आपण पुढे सरकत आहोत. अजितपालसिंगाचे नाव आले की मधल्या पट्ट्यात जरा थांबून विचार चालला आहे. आणि समालोचकाचा स्वर चढला, परक्या नावांची रांग लागली, क्रियापदे गळून नुसती नावेच उरली, की समजावे, संकट आपल्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. नेमक्या अशा वेळी एक नाव येई: सुरजित. त्या नावासरशी जसदेवसिंगांचा श्वास खाली बसे, आणि ओट्यावरच्या वीसपंचवीस माणसांचाही.

आघाडीच्या खेळाडूचे नाव आनंदाबरोबर कानी पडते, बॅकचे भयाबरोबर. आनंदाचे नाव माणूस लवकर विसरतो, कारण आनंदात तो आपल्याच आवाजात बुडालेला असतो. परंतु भीतीच्या टोकाला ऐकलेले नाव कान सोडीत नाहीत. त्या स्पर्धेत मी चेंडूपेक्षा त्या नावाचीच वाट अधिक पाहिली असेन. ते येऊ नये असेही वाटे, कारण ते येण्यासाठी आधी संकट यावे लागे. आणि संकट आले की ते नाव आल्यावाचून जीव भांड्यात पडत नसे.

उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण मागे पडलो होतो, आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना अस्लम शेरखानाने गळ्यातला ताईत ओठांना लावून शॉर्ट कॉर्नरवर बरोबरी साधली, मग जादा वेळेत हरचरणसिंगाने निकाल लावला, हे आता सर्वश्रुत आहे. अंतिम सामना १५ मार्चला. शनिवार, शाळा सकाळची. समोर पाकिस्तान. पहिला गोल त्यांचा. मध्यंतर झाले तेव्हा ओट्यावर कोणी कोणाकडे पाहीना. मामांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच बंद केली. उत्तरार्धात आपल्याला शॉर्ट कॉर्नर मिळाला, आणि मी जन्मात पहिल्यांदा ते नाव चुकीच्या ठिकाणी ऐकले. संकट आपल्या उंबऱ्याशी नव्हते, त्यांच्या होते. आणि तरी जसदेवसिंग सुरजित म्हणाले. पुढचे शब्द आरोळीत बुडाले. बॅकने गोल केला होता. ज्याच्या वाट्याला फक्त शिव्या असे मामांनी मला सांगितले होते, त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बरोबरी साधली होती! विजयाचा गोल त्यानंतर ध्यानचंदांच्या मुलाने, अशोककुमारने केला. चेंडू खांबाला लागून आत गेला की नाही, यावर पाकिस्तानने आक्षेप घेतला, पंचांनी तो मानला नाही, दोन विरुद्ध एक. देशाने अशोककुमारला डोक्यावर घेतले, आणि ते उचितच होते. आमच्या पडीकावर मात्र दुसऱ्या दिवसापासून बॅकला जाण्यासाठी भांडणे सुरू झाली.

पुढे मी मिळेल तेथून त्याच्याविषयी वाचू लागलो. बटाल्याजवळच्या एका खेड्यात १९५१ साली त्याचा जन्म. १९७३ मध्ये हॉलंडमधल्या ॲमस्टलवीनला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आरंभीच आपण यजमानांवर दोन गोलांची आघाडी घेतली होती, आणि ते दोन्ही गोल याच्याच स्टिकवरचे. नंतर बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर चषक गेला. त्या वर्षी जागतिक अकरांत त्याची निवड झाली, तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता. रेल्वे, मग इंडियन एअरलाइन्स, मग पंजाब पोलीस अशा त्याच्या नोकऱ्या. पत्नीही भारताच्या महिला संघाकडून हॉकी खेळलेली. हे तपशील मी वहीत टिपून ठेवी, जणू काही एखाद्या दिवशी मला त्याच्या जमीनजुमल्याची साक्ष द्यावयास कचेरीत उभे राहायचे आहे.

ऑलिम्पिकशी मात्र त्याचे कधी जमले नाही. ते त्याच्या वाट्याला आले १९७६ चे, मॉन्ट्रियलचे. आणि तेच नेमके ऑलिम्पिक, ज्यात हॉकी प्रथम कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. आमच्या खेळाडूंना त्या गालिच्याची सवय नव्हती. चेंडू तेथे उसळत नाही, अडत नाही, जो सोडला तो सरळ सुसाट जातो, आणि बेभरवशाच्या मातीने शिकविलेले मनगट अशा इमानदार जमिनीवर बावचळून जाते. आपण सातवे आलो. १९२८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये या खेळाचे कोणते ना कोणते पदक घेऊन येणारा देश प्रथमच रिक्त हस्ताने परतला. चार वर्षांनी मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले, तेव्हा सुरजित संघात नव्हता.

मॉस्कोचा तो अंतिम सामना मी शेतातल्या खोपीवर ऐकला. स्पेनविरुद्ध आपण तीन गोलांनी पुढे होतो. मग स्पेनने दोन फेडले. शाहिदने चौथा केला. स्पेनने पुन्हा एक फेडला. चार-तीन. शेवटची मिनिटे. समालोचकाचा स्वर चढला, परक्या नावांची रांग लागली, क्रियापदे गळाली, आणि माझे कान सवयीने त्या एका नावाची वाट पाहू लागले. ते आले नाही. येणार नव्हतेच, संघाची यादी मला तोंडपाठ होती. दुसरी नावे आली, संकट टळले, सुवर्णपदक मिळाले, मी खोपीबाहेर येऊन आरोळीही ठोकली. परंतु त्या रिकाम्या राहिलेल्या एका क्षणाचे पुढे साडेतीन वर्षांनी मला निराळेच स्मरण व्हायचे होते.

त्याला प्रत्यक्ष पाहण्याचा योग एकदाच येऊ घातला होता. १९८१ च्या डिसेंबरअखेर विश्वचषक मुंबईस भरला आणि सुरजित भारताचा कप्तान झाला. मुंबई म्हणजे काही क्वालालंपूर नव्हे. मनमाडवरून गाडी, भायखळ्याला मावशीचे घर, सगळी तजवीज झाली होती. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या फडाला तोड आली. ज्याच्या घरी ऊस नाही त्याला या वाक्याचा अर्थ समजणार नाही. महिनोन्‌महिने कारखान्याच्या शेतकी कचेरीत खेटे घालावेत, चिटबॉयची मनधरणी करावी, तेव्हा केव्हातरी तोडीचा नंबर लागतो. टोळी फडात शिरली, गाड्या लागल्या, की मालकाने बांधावरून हलू नये. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी नुसते माझ्या पिशवीकडे पाहिले, आणि मी ती खुंटीला अडकविली. भारत त्या स्पर्धेत पाचवा आला. कप्तानाचा आवाज, चाल, उंची यांपैकी काही माझ्या पदरी पडले नाही. वाढ्यांच्या ढिगाआड बसून जे ऐकू आले तेवढेच.

आणि मग १९८४ चा जानेवारी. संक्रांत आठवड्यावर आली होती. पुण्याहून येणारे वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने गावात पोहोचे. त्याच्या आतल्या पानावर, बाजारभावांच्या वरती, दहाबारा ओळींचा मजकूर: हॉकीपटू सुरजितसिंग जालंदरनजीक मोटार अपघातात ठार. वय बत्तीस. भारत आणि पाकिस्तान यांच्यात त्याच्याच मदतीसाठी एक बेनिफिट मॅच घडवून आणण्याच्या धामधुमीचे ते दिवस होते. त्या खटपटीतच तो होता. मी तो कागद घेऊन मामांकडे गेलो. त्यांना आता अक्षर दिसत नसे, म्हणून मोठ्याने वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बत्तीस? अरे, बत्तीस म्हणजे पलटणीत हवालदारकीची फीत लागायचे वय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला घेऊन नगरला जातो. पेन्शन घेतो. कशाबद्दल? मी काय केले आहे?"

अकाली, असा शब्द त्या बातमीत होता, आणि पुढे कित्येक दिवस तो माझ्या डोक्यात घोळत राहिला. आमच्या शिवाराला भिजविणारी प्रवरा पुढे नेवाशास जाते. त्याच नेवाशात, खांबाला टेकून, शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते आळंदीस समाधिस्थ झाले. सातशे वर्षांत आमच्या या मुलखात एकाही माणसाने त्याला अकाली म्हटलेले नाही. पायी दिंडीला जाणारी माझी आजी एकवीस या आकड्याने कधी हळहळली नाही; तिच्या लेखी ते आयुष्य काठोकाठ भरलेले होते, त्यात आणखी एक वर्ष घालावयास जागाच नव्हती. उलट बालकवींचे नाव निघाले की तीच माणसे चुकचुकतात. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून गेलेला सत्तावीस वर्षांचा तो कवी; त्याच्या कविता हाताशी असूनही आपले लक्ष त्याने न लिहिलेल्या कवितांकडे लागलेले असते. म्हणजे वयाचा आणि अकालत्वाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. काही माणसे हिशेब पुरा करून जातात, काहींच्या खात्यावर बाकी निघते, आणि ती बाकी कोणाकडून वसूल करावयाची हे न समजल्यामुळे मागे राहिलेली माणसे त्या खात्यापाशी घुटमळत राहतात.

हॉकीच्या इतिहासात अशी खाती आणखी आहेत. ध्यानचंदांच्या संघात सय्यद जाफर नावाचा डाव्या बगलेवर धावणारा खेळाडू होता. १९३२ चे लॉस एंजेलिस आणि १९३६ चे बर्लिन, अशी दोन सुवर्णपदके त्याच्या गळ्यात पडली, आपल्या मुंबईकडचे बाबू निमल बर्लिनला त्याच्याबरोबर होते. बर्लिनहून परतल्यावर वर्षही लोटले नव्हते तोच, १९३७ च्या मार्चमध्ये, शिकारीस गेला असता रावी नदीत बुडून तो मरण पावला. पंचविशी नुकती उलटलेली. आणि अगदी अलीकडे, २०१९ च्या ऑक्टोबरात, होशंगाबादेस ध्यानचंदांच्याच नावाची स्पर्धा चालू असता, इटारसीहून पहाटे परत येणाऱ्या मोटारीला अपघात होऊन चार उमेदीचे खेळाडू गेले. एका सोबत्याचा वाढदिवस साजरा करून ते येत होते. त्या चौघांच्या बाबतीत हळहळीची दिशा स्पष्ट आहे: जे घडावयाचे होते ते घडले नाही. त्यांचा खेळ आपण पाहिलाच नाही, म्हणून वाटेल तेवढा मोठा कल्पिण्यास आपण मोकळे.

सुरजितचे तसे नव्हते, आणि येथेच माझा विचार पुन्हा पुन्हा अडतो. त्याच्या स्टिककडून घेण्यासारखे जे होते ते देशाने बव्हंशी घेतले होते. विश्वचषक जिंकून झाला होता, कप्तानपद भोगून झाले होते. बत्तिसाव्या वर्षी बॅकचे गुडघे कुरकुरू लागतातच. आणि खेळही गवत सोडून गालिच्यावर निघून चालला होता. तो जगला असता तर आणखी किती गोल केले असते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा फारसे नाहीत असेच द्यावे लागेल. मग गेले काय? मला वाटते, गेला तो त्याचा उत्तरार्ध. म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातला तो लांबलचक, मंद, काहीसा हास्यास्पद आणि अत्यंत आनंदाचा काळ, ज्यात तो काहीच पराक्रम करीत नाही, फक्त केलेल्या पराक्रमाची कथा सांगतो. पोट सुटावे, पोलिसी गणवेशाचा पट्टा एकेक भोक पुढे सरकावा, संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून पोरांवर ओरडावे, आणि क्वालालंपूरच्या त्या शॉर्ट कॉर्नरची गोष्ट पाचशेव्यांदा सांगताना तिच्यात एक नवा पाकिस्तानी बॅक घुसडून द्यावा. ऐकणाऱ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या माराव्यात. हा हक्क साध्यासुध्या हवालदारमामांनाही मिळाला. त्यांनी नगरच्या छावणीतल्या एका फुटकळ सामन्याची हकीकत आम्हांला इतक्या वेळा ऐकविली की तीतला पाऊस दर वर्षी अधिक जोराने पडू लागला होता. विश्वविजेत्याला तो मिळाला नाही. ती बेनिफिट मॅच म्हणजे या उत्तरार्धाचाच उंबरा होता. खेळून झालेल्या माणसाने निश्चिंत होऊन बसावे म्हणून बांधायची शिदोरी.

सरकारने आपल्या परीने बाकी फेडली. १९९८ मध्ये त्याला मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला, म्हणजे मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. सरकारी दप्तरात फेरफाराच्या नोंदीलाही इतका अवधी लागतो, तेव्हा तक्रार करण्यात हशील नाही. जालंदरकरांनी मात्र लगोलग काम केले. तो गेला त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे, आणि तेथल्या मैदानाला त्याचे नाव आहे. स्पर्धेचा निकाल कधीमधी मराठी वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. सुरजित हॉकी, अमुक संघाची तमुक संघावर मात. नाव आता माणसाचे राहिले नाही, करंडकाचे झाले. ज्या कानांना ते नाव एकेकाळी अशा रीतीने ऐकू येई की छातीतला ठोका जागेवर येत असे, त्यांना ते आता छापील दिसते.

आणि त्याची कथा सांगण्याचे काम आमच्यासारख्यांवर येऊन पडले आहे, ज्यांनी त्याला पाहिले नाही. मामा हयात होते तोवर आमचा दोघांचा एक वाद चालू असे. बरोबरीच्या त्या गोलात चेंडू गोलकीपरच्या उजवीकडून गेला, असे मामांचे म्हणणे. डावीकडून, असे माझे. दोघांनीही तो ऐकलेला. मामा म्हणत, जसदेवसिंगांनी स्पष्ट सांगितले, मी पलटणीत हिंदीच बोलत होतो, मला शिकवू नकोस. आणि मी म्हणे, त्या वेळी ओट्यावर जी आरोळी उठली तीत जसदेवसिंगांचे जसदेवसिंगांना तरी ऐकू आले असेल का? वाद कधी मिटला नाही. त्यांच्या अखेरच्या आजारात मी सलगीने म्हटले, "मामा, बरे, उजवीकडून." तर ते एवढे संतापले की उशीवरून अर्धे उठले. त्यांना सवलत नको होती.

परवा माझा भाचा सांगत होता की त्या सामन्याचे चित्रण मोबाइलवर सापडते. धूसर आहे, थोडेच आहे, पण गोल दिसतात. "दाखवू का मामा, आत्ता?" म्हणून त्याने खिशात हातही घातला. मी म्हटले, चहा निवतो आहे, तो आधी घे. तो पोळ्याला पुन्हा येणार आहे. तोपर्यंत काय ते ठरवावे लागेल. हवालदारमामांची बाजू खरी ठरली तर ते कळविण्याची काही सोय नाही. माझी खरी ठरली तर ऐकणारे कोणी नाही. आणि बत्तीस वर्षांचा तो माणूस पडद्यावर पंचविशीच्याही आतला, दाढी राखलेला, पगडीतला, मला सर्वस्वी अनोळखी असा धावत येईल, तेव्हा एवढ्या वर्षांच्या माझ्या सुरजितचे मी काय करावे?